दोन गिटारमध्ये हरवलेला बेस: पेडल घेण्याआधी हे वाच

मित्रा, तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तू नेरूळचा, आधी गिटार वाजवायचास, बँडला बेसिस्ट मिळेना म्हणून बेस हातात घेतलास. दोन गिटार, ड्रम्स, तू, आणि एक मित्र जो मराठीत गातो, गातो म्हणजे बरंचसं बोलतोच. इंटरपोल, फाँटेन्स डी.सी., मोल्चात दोमा असे पोस्ट-पंक (पंक रॉकनंतर आलेला प्रकार) बँड ऐकता आणि तसंच काहीतरी स्वतःचं करायचंय. प्रॅक्टिस ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या जॅम पॅडवर, म्हणजे भाड्याच्या प्रॅक्टिस रूमवर. आणि अडचण अशी की फोनवर रेकॉर्डिंग ऐकलं की बेस म्हणजे मागे नुसतं गुरगुरणं, लाइन कुठली वाजवली तेच कळत नाही, गिटारवाले म्हणतात तू रूट नोट (कॉर्डचा मूळ सूर) धर बाकी आम्ही बघतो. म्हणून तू विचारतोयस की कोरस पेडल (आवाज दुहेरी, लहरता करणारं) घेऊ का नवीन बेस घेऊ, पिकने (तार छेडायच्या पातळ चकतीने) वाजवू का बोटांनी, आणि पाच तारांचा लागेल का.

सगळ्याची उत्तरं देतो, पण आधी एक सांगतो. तुझी अडचण सामानाची नाहीये. तुमच्या गाण्यांमध्ये बेसला जागाच ठेवलेली नाही, आणि जागा नसेल तर कितीही महाग पेडल लाव, तो आवाज त्याच गर्दीत जाऊन पडणार. मी ठाण्यातच वाढलो, बरीच वर्षं बेस वाजवतोय, या प्रकारच्या बँडमध्येही आणि दुसऱ्यांच्या रेकॉर्डिंगवरही, आणि दोन गिटारवाल्या बँडमध्ये हीच तक्रार मी पुन्हा पुन्हा ऐकलीये. पोस्ट-पंकमध्ये गाण्याची चाल बहुतेक वेळा बेसकडे असते. गिटार तिच्यावर रंग भरते. तुमच्याकडे हे उलटं चाललंय, गिटारवर कॉर्ड बसवून गाणं पूर्ण होतं आणि मग तुला सांगतात आता याच्याखाली काहीतरी टाक.

आता हे सगळं काही प्रमाणात परिस्थितीवर अवलंबून आहे हे मान्य. तुमचा ड्रमर कसा आहे, गायकाचा आवाज जाड आहे की पातळ, गिटारवाले ऐकून घेणारे आहेत का, खोली केवढी आहे, यावर माझ्या सांगण्यातलं काय लागू पडेल ते ठरेल. तुमचं गाणं मी ऐकलेलं नाही, त्यामुळे तू वर्णन केलंस त्यावरून बोलतोय.

हे उलटं का म्हणतो ते समजायला थोडं मागे जावं लागेल. मँचेस्टरच्या जॉय डिव्हिजनमध्ये पीटर हुक बेस वाजवायचा. त्याचा ॲम्प अगदी साधा, बर्नार्ड समनरची गिटार जोरात, खालच्या तारांवर वाजवलेलं त्याचं त्यालाच ऐकू येईना. म्हणून तो गळ्यावर वर सरकला, बारीक तारांवर वाजवायला लागला, तिथे ऐकू यायला लागलं, आणि गायक इयन कर्टिसला ते आवडलं, तो म्हणायचा असंच वाजव. १९७९ च्या त्यांच्या पहिल्या अल्बममध्ये निर्माता मार्टिन हॅनेटने प्रत्येक वाद्य वेगळं, एकमेकांपासून लांब ठेवलं, आणि त्या मोकळ्या जागेत बेसची चाल पुढे आली. म्हणजे बघ, हुकची अडचण आणि तुझी अडचण एकच आहे, ऐकू न येणं. त्याने वाजवायची जागा बदलली, आणि मुख्य म्हणजे बँडने त्याला ती जागा दिली.

दुसरी वाट पब्लिक इमेज लिमिटेडच्या जाह वॉबलची. त्याच्यावर जमैकाच्या डबचा (रेगेतून निघालेलं, बेस पुढे ठेवणारं संगीत) प्रभाव, तो खालीच राहायचा, बोटांनी, जाडजूड, कमी सूर आणि तेच तेच परत. त्यांचा १९७९ चा अल्बम धातूच्या डब्यात तीन बारा इंची तबकड्यांवर ४५ च्या स्पीडने काढला होता, कारण तशा तबकडीवर खर्ज नीट उमटतो. इथेही चाल बेसचीच, फक्त मजला वेगळा, आणि गिटार वरती काचेसारखी खरवडत राहते, खाली उतरतच नाही.

मग २००० नंतरची पिढी. इंटरपोलच्या २००२ च्या पहिल्या अल्बममधून कार्लोस डेंगलरचा बेस काढून ऐकायचा विचार कर, दोन गिटार असूनही अर्धं गाणं नाहीसं होईल. तो २०१० मध्ये बँड सोडून गेला आणि २०१४ च्या अल्बमवर गायक पॉल बँक्सने स्वतःच बेस वाजवला, एवढं ते काम त्यांच्या गाण्याच्या पोटात होतं. आणि आत्ताची फळी, फाँटेन्स डी.सी., आयडल्स, ड्राय क्लीनिंग, इथे गायक बरेचदा बोलतोच, चाल गात नाही, म्हणजे ऐकणाऱ्याच्या डोक्यात घरी जाताना जी चाल राहते ती बेसची किंवा गिटारच्या एखाद्या छोट्या तुकड्याची. ड्राय क्लीनिंगमध्ये फ्लोरेन्स शॉ सरळ बोलत असते आणि खाली लुईस मेनर्डचा बेस गाणं पुढे नेतो. तुमचा मित्रही बोलतोच म्हणालास ना? मग तुमच्या बँडमध्ये गाणार कोण? तूच, दुसरं कोणी उरलेलंच नाही.

आता मुद्द्याचं, जागा म्हणजे काय. बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते, ए ५५, डी साधारण ७३, जी ९८. गिटारची सगळ्यात जाड तार ८२ ला सुरू होते. दोन गिटारवाले दोघंही खाली पाचव्या सहाव्या तारेसकट पूर्ण बार कॉर्ड वाजवत असतील, वर दोघांच्या ॲम्पचा बेसचा नॉब घड्याळातल्या दोन-तीनच्या जागेपर्यंत फिरवलेला असेल, तर ८० पासून ३०० पर्यंतचा सगळा पट्टा त्यांनी भरून टाकलाय. तू त्याच्याखाली ४०-५० वर रूट धरतोयस, आणि जॅम पॅडवरचा छोटा बेस ॲम्प तो सूर नीट काढूच शकत नाही, तुला जे ऐकू येतं ते त्या सुराचे वरचे भाग आणि ते गिटारखाली गाडले जातात. फोनचा स्पीकर तर ५० हर्ट्झ काढतच नाही, त्यामुळे फोनवर बेस कमी ऐकू येतो म्हणून एकदम घाबरू नकोस. पण फोनचा एक चांगला उपयोग आहे. बेसची लाइन फोनवरसुद्धा गुणगुणता आली तर ती लाइन चालतेय असं समजायला हरकत नाही. ही परीक्षा मी आजही प्रत्येक गाण्याला लावतो.

एक उदाहरण घेऊ, हातात बेस घेऊनच वाच. ए मायनर धर. डी तारेवर सातव्या फ्रेटला (गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) ए आहे, पाचव्याला जी, तिसऱ्याला एफ, दुसऱ्याला ई. सगळ्या सरळ आठव्या मात्रा, म्हणजे एका बीटला दोन. पहिल्या बारमध्ये सातवा फ्रेट सहा वेळा आणि पाचवा दोन वेळा, दुसऱ्या बारमध्ये तिसरा फ्रेट सहा वेळा आणि दुसरा दोन वेळा. झालं, एवढीच लाइन, ती फिरवत राहायची. आता एका गिटारवाल्याला सांग की तू कॉर्ड सोड, फक्त दोन सूर धर, पहिल्या तारेवर बारावा फ्रेट आणि दुसऱ्या तारेवर तेरावा, म्हणजे ई आणि सी, आणि काहीही झालं तरी तिथून हलू नकोस. आता ऐक काय होतं. तू ए वर असताना तो ए मायनर झाला, तू जी वर गेलास की तेच दोन सूर सी मेजर वाटतात, तू एफ वर आलास की एफ मेजर सेव्हन, तो थोडा उदास उघडा रंग जो या संगीतात सगळीकडे सापडतो, आणि ई वर परत सी कडे झुकलेला पण अधांतरी. गिटारवाल्याने बोट हलवलं नाही, कॉर्ड तू बदलल्यास. बेसिस्टच्या हातात किती आहे हे शब्दांनी समजावण्यापेक्षा गिटारवाल्याला हे पाच मिनिटं करायला लाव. मी एकदा ठाण्यातल्या एका पोरांच्या बँडला हे करून दाखवलं तेव्हा त्यांचा गिटारिस्ट, जो आधी सहाच्या सहा तारा झोडपत होता, तो स्वतःच दुसऱ्या अंतऱ्यात एक सूर अजून कमी करून मोकळा झाला, त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

त्याच लाइनला खाली मोकळी ए तार जोडून बघ, दोन्ही तारा एकाच पिकमध्ये. ए तार तानपुऱ्यासारखी तशीच राहते आणि वर चाल उतरत जाते. एवढ्याने खालचा मजलाही भरला आणि चालही सुटली नाही, दोन बेसिस्ट असल्यासारखं वाटतं. मोकळ्या तारेचा हा फायदा ई, ए, डी, जी या सुरांत मिळतो, म्हणून गाण्याची पट्टी ठरवताना तुझं मत विचारलं गेलं पाहिजे. गायकाला बी फ्लॅट बरा पडतो म्हणून बी फ्लॅट, असं असेल तर हरकत नाही, पण मग मोकळी तार गेली हे सगळ्यांना माहीत हवं.

आणि मुखड्याला काय करायचं? तेच सूर एक ऑक्टेव्ह, म्हणजे एक सप्तक खाली. ई तारेवर पाचवा, तिसरा, पहिला आणि मोकळी. अंतरा वर वाजवलास, मुखडा आला की तू खाली उतरलास, आणि आता गिटारवाल्यांना काय पूर्ण कॉर्ड झोडायच्यात त्या झोडू देत, कारण ८२ हर्ट्झच्या वरची जागा तू मोकळी केलीस. लोकांना वाटतं मुखडा मोठा करायचा म्हणजे सगळ्यांनी जोरात वाजवायचं, खरं तर नुसतं बेस खाली आल्यावरच पायाखाली जमीन आल्यासारखं होतं. यातच गिटारवाल्यांशी भांडण मिटतं, त्यांना सांग अंतरा माझा, मुखडा तुमचा.

म्हणजे रूट नोट वाजवणं कमीपणाचं नाही हेही लक्षात घे. आत्ताच्या बँडमध्ये कित्येक गाणी एका सुरावर सरळ आठव्या मात्रांत जातात आणि अंगावर येतात. फक्त तो रूट तू निवडलेला असावा आणि तो कसा वाजतो याची काळजी घेतलेली असावी.

यावरून उजव्या हाताकडे येतो. पिक का बोटं? तुम्हाला जो आवाज हवाय त्यासाठी मी पिक म्हणेन. हुक पिकने वाजवतो, द क्युअरचा सायमन गॅलपही पिकनेच. पिकचा टक् असा आवाज साधारण हजार हर्ट्झच्या आसपास आणि वर बसतो आणि तोच गिटारमधून वाट काढून बाहेर येतो. वॉबलसारखं डबकडे जायचं असेल तर बोटं, गळ्याजवळ, मऊ. पिक ०.८८ किंवा १ मिलिमीटरचा घे, टॉर्टेक्सचा हिरवा किंवा निळा, त्याहून पातळ असेल तर जाड तारेवर वाकतो आणि प्रत्येक स्ट्रोक उशिरा लागतो.

आणि शक्यतो सगळे डाऊनस्ट्रोक, म्हणजे पिक दर वेळी वरून खाली. १५० च्या टेम्पोला आठव्या मात्रा म्हणजे सेकंदाला पाच सूर, तीन-चार मिनिटं, मधे विश्रांती नाही. सुरुवातीला हात भरून येणार. १२० ला सुरू कर, मनगटातून मार, कोपरातून नको, पिक तारेच्या पलीकडे फार जाऊ देऊ नकोस, आणि हात दुखला तर थांब, दुखण्यावर जोर लावून काही मिळत नाही. खाली-वर आलटून पालटून वाजवलं तर सोपं पडतं, पण वरचा स्ट्रोक थोडा हलका लागतो आणि लाइनला एक डोलणं येतं, जे फंकमध्ये छान आणि इथे बहुतेक वेळा नको असतं. फार फास्ट गाणं असेल तर आलटून वाजव, त्यात पाप नाही, फक्त दोन्ही स्ट्रोक सारखे करायची मेहनत घे.

याहून कमी बोलली जाणारी गोष्ट म्हणजे सूर कुठे संपतो. गिटारवरून आलेल्या सगळ्यांचं लक्ष सूर सुरू करण्याकडे असतं. बेसवर डाव्या हाताचं बोट किंचित सैल केलं की सूर तिथे थांबतो, आणि ते थांबणं बरोबर स्नेअरच्या (ड्रम्समधला कडक आवाजाचा ड्रम) ठोक्यावर आलं की गाणं एकदम घट्ट वाटायला लागतं. एक प्रयोग कर, तीच वरची लाइन एकदा प्रत्येक सूर पुढच्या सुरापर्यंत पूर्ण ताणून वाजव आणि एकदा प्रत्येक सूर अर्ध्यातच तोडून. गाणं दोन वेगळ्या बँडचं वाटेल. मग ठरव अंतऱ्याला कुठलं आणि मुखड्याला कुठलं.

ड्रमरशी वेगळं बसायलाच हवं. सगळे सांगतात बेसने किकला (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) चिकटून राहावं, ते बाकी ठिकाणी बरोबर, इथे नेहमीच नाही. ड्रमर जर किक सरळ चारही बीटला आणि मधल्या ऑफबीटला हाय-हॅट (झांजांची जोडी) उघडा असं डिस्कोसारखं वाजवत असेल, जे २००० नंतरच्या बँडनी खूप वापरलं, तर खालचा पाया त्यानेच घातलाय, तू त्याच्यावरून आडवी चाल टाकायला मोकळा आहेस. तो जर टॉमवर (घुमणारे ड्रम) खेळत असेल तर टॉमचा घुमारा तुझ्याच पट्ट्यात येतो, मग वर सरक किंवा सूर कमी कर. मोल्चात दोमासारखं ड्रम मशीनवर करायचं असेल तर मशीन कधी तुझ्यासाठी थांबत नाही, तिथे मेट्रोनोमबरोबरचा रियाझ उघडा पडतो, आणि माणसाचा हात फक्त बेसमध्येच ऐकू येतो म्हणून तो छान लागतोही.

आता मराठीत बोलण्याचं, कारण हे तुला बाहेरचं कोणी सांगणार नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूर साधारण ८५ ते १८० हर्ट्झमध्ये असतो, म्हणजे तू डी आणि जी तारेवर वर गेलास की थेट तुमच्या गायकाच्या छातीत उभा आहेस. शिवाय आपलं वाक्य क्रियापदावर संपतं. गेलो नाही, उरलं नाही, सांगितलं होतं, सगळा अर्थ शेवटच्या शब्दाला कळतो. आणि बेसिस्टला फिल (मोकळ्या जागेतला छोटा तुकडा) टाकायची खाज नेमकी ओळीच्या शेवटीच सुटते, चौथ्या बीटला, पुढच्या बारमध्ये शिरताना. इंग्रजी बँड ऐकून आपण ते उचलतो आणि मराठीत ते नेमकं क्रियापदावर पडतं, ऐकणाऱ्याला वाक्यच कळत नाही. म्हणून ओळ चालू असताना एकाच सुरावर राहा, क्रियापद उच्चारून होऊ दे, आणि मग हल. गायकाला ओळी लिहून द्यायला सांग, आणि तो श्वास कुठे घेतो तिथे पेन्सिलने खूण कर, तुझ्या हालचाली तिथेच ठेव. एवढ्या एका गोष्टीने तुमचे शब्द निम्म्याने जास्त ऐकू येतील असं मला खात्रीने वाटतं.

बरं, पेडल. घेऊ नकोस असं म्हणत नाही, आत्ता घेऊ नकोस म्हणतो. आधी वरच्या गोष्टी महिना-दोन महिने करा. मग घेतलास तर कोरस घेताना बघ की खालचे सूर इफेक्टशिवाय, कोरडे ठेवायची सोय आहे का. बॉस कंपनीच्या सीईबी-३ या बेसच्या कोरस पेडलमध्ये त्यासाठी लो फिल्टरचा नॉब आहे. हे नसेल तर कोरस खर्जालाही डोलवतो आणि सगळं पाणी-पाणी होतं. रेट अगदी कमी, डेप्थ मध्यम, आणि पेडल चालू आहे हे बंद केल्यावरच कळावं इतपत. हुकचा प्रसिद्ध आवाज इलेक्ट्रो-हार्मोनिक्सच्या क्लोन थिअरी कोरसचा होता, पण तो वर वाजवत होता म्हणून तो कोरस खुलला, ई तारेवर तेच पेडल तसं ऐकू येत नाही. आणि तुला आयडल्सच्या बाजूचं जास्त आवडत असेल तर कोरसच्या आधी ओव्हरड्राइव्हचा (आवाज करकरीत करणारं पेडल) विचार कर, ज्यात साधा आवाज मिसळायला ब्लेंड नॉब असेल असा, म्हणजे वरती करकर आणि खाली वजन शाबूत. दोन्ही असतील तर ट्यूनर, मग ओव्हरड्राइव्ह, मग कोरस.

ॲम्पवर एक सवय बदल. घरी एकट्याने वाजवताना जो गोल, गुबगुबीत आवाज छान वाटतो तोच बँडमध्ये हरवतो. २००-३०० हर्ट्झ थोडं कमी कर, ७०० ते १००० वाढव, एकट्याने ऐकताना तो नाकातला आणि कोरडा वाटेल, वाटू दे, सगळे सुरू झाले की बरोबर बसतो.

नवीन बेस नको. पाच तारांचा तर नकोच, तुझी चाल वर आहे, खालची बी तार तुला या गाण्यांत कुठे लागणार? त्याऐवजी आहे त्या बेसचं सेटअप करून घे, कारण वर वाजवायला लागलास की इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर बरोबर लागतो का ते, उघडं पडतं. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजव, ट्यूनर बघ, मग तोच फ्रेट दाबून वाजव. दाबलेला सूर वर गेला तर ब्रिजवरचा सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे घ्यायचा, खाली गेला तर पुढे. खालच्या फ्रेट्सवर रूट धरताना हा फरक जाणवत नाही, म्हणून कित्येकांना वाटतं की वर वाजवलं की आपला बेस बेसूर, तो बेसूर नसतो, सॅडल चुकीच्या जागी असतो. आणि आपल्याकडे पावसाळ्यात हवेतला ओलावा लाकडात शिरतो, नेक हलते, जूनमध्ये नीट असलेला बेस ऑगस्टमध्ये बझ मारायला लागतो. ट्रस रॉड (नेकच्या आतली सळई) स्वतः फिरवायची सवय नसेल तर माहितगाराकडून करून घे, पाव वळणाच्या वर एका वेळी जायचं नसतं. वाजवून झालं की कोरड्या फडक्याने तारा पुस, घाम आणि दमट हवा मिळून राउंडवाउंड तारांची चमक लवकर जाते, आणि ती चमक तुला हवी आहे. साधा ४५ ते १०५ चा स्टीलचा सेट पुरेसा आहे.

जॅम पॅडवर ॲम्पमधून हम, म्हणजे विजेची गुणगुण येते म्हणालास त्याचंही सांगतो. आपली वीज ५० हर्ट्झची, आणि ई तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी ४९ हर्ट्झचा. तो सूर लांब धरलास की हमबरोबर मिळून हळूहळू फुगतो आणि ओसरतो, सेकंदाला एकदा, आणि वाटतं आपला हात हलतोय. हात ठीक आहे. तुझा बेस दोन सिंगल कॉइल पिकअपचा (तारेचं कंपन पकडणारे भाग), जॅझ प्रकारचा असेल तर दोन्हीचे व्हॉल्यूम पूर्ण सारखे ठेव, हम बरीच जाते. नाहीतर केबल बदलून बघ आणि ॲम्प वेगळ्या सॉकेटला लावून बघ. अर्थिंगची पिन मात्र काढायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, त्यात जिवाला धोका आहे.

पुढच्या प्रॅक्टिसला असं करा. एक गाणं घ्या, दोन्ही गिटार ॲम्प बंद, फक्त तू, ड्रम्स आणि गायक. गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत उभं राहतंय का बघा. जिथे पडतं तिथे तुझी लाइन अजून झालेली नाही, तिथेच काम कर. उभं राहिलं की एक गिटार घ्या, तीही वरच्या तीन तारांवर, मग दुसरी, आणि दुसरीने पहिलीच्या मोकळ्या जागेतच बोलायचं. गिटारवाल्यांना हे शिक्षा वाटू नये म्हणून आधी त्यांना तो ई-सीचा प्रयोग करायला लाव. तरीही ऐकलं नाही तर सगळ्या गाण्यांचा हट्ट धरू नकोस, एकच नवीन गाणं माग जे बेसपासून सुरू होईल. घरी लाइन बनव, फोनवर गायकाबरोबर रेकॉर्ड कर आणि ती तयार वस्तू घेऊनच जा, चर्चेपेक्षा ते लवकर पटतं.

आणि गिगचं एक, कारण तुम्ही लवकरच वाजवणार आहात म्हणालास. साऊंडवाल्याला साऊंडचेकच्या आधी शांतपणे सांग की दादा, या बँडमध्ये बेस लीड आहे, मिड्स (मधल्या पट्टीचा आवाज) ठेवा. बऱ्याच ठिकाणी बेसचा चॅनल आला की मिड्स खाली आणि खर्ज वर हे हात आपोआप करतात, ते त्यांच्या रोजच्या कामात बरोबरच असतं, त्यांना तुमचं वेगळं आहे हे माहीत नसतं. चेकला नुसते खालचे सूर वाजवून दाखवू नकोस, तुझी सगळ्यात वरची लाइन आणि मग मुखड्याची खालची लाइन दोन्ही वाजव, म्हणजे त्याला दोन्ही टोकं कळतील. मॉनिटरमध्ये (स्टेजवरचा तुझ्या बाजूचा स्पीकर) किक, हाय-हॅट आणि गायक माग, गिटार तुला तशाही ऐकू येतात.

तो ए मायनरचा तुकडा आधी बसवा, आणि दोन्ही गिटार बंद ठेवून केलेलं रेकॉर्डिंग इथेच टाक, कुठल्या बारला लाइन पडते ते ऐकून सांगतो.